बघणाऱ्याची जागा

नाव सांगायचं नाही, हा आमच्या मंडळाचा पहिला नियम. ज्या घरी आपण जातो त्या घराचं नाव बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही, फादरांनी विचारलं तरी नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे अख्ख्या चर्चला ठाऊक होतं, तरी हा नियम मी तीस वर्षं पाळला, त्याचा मला जरा गर्वच आहे. आज सांगतोय त्यातही नाव नाही. पण गोष्ट सांगायची परवानगी मला मिळालेली आहे. त्या घरच्या वहिनी गेल्या, त्याच्या महिनाभर आधी मला म्हणाल्या होत्या, भाऊजी, आता सांगितलंत तरी चालेल, आम्ही दोघंही नसू. त्यांचा नवरा त्यांच्या दोन वर्षं आधी गेला. तो माझा जोडीदार.

मंडळ म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हे. आमच्या चर्चमधले बारा-तेरा पुरुष. बहुतेकांचे आजे-पणजे नगर जिल्ह्यातून पुण्यात आलेले. कुणी कारखान्यात, कुणी शाळेत, कुणी माझ्यासारखा सरकारी कचेरीत खर्डेघाशी करणारा. रविवारी सकाळची मिस्सा संपली की मागच्या खोलीत, जिथे नाताळच्या गोठ्याचं सामान वर्षभर पडून असायचं, तिथे बाकांवर बसायचं. प्रार्थना म्हणायची आणि कुठल्या घरात काय कमी आहे ते बोलायचं. धान्य, औषधं, पोरांच्या वह्या, कुणाला दवाखान्यात न्यायला माणूस. घर ख्रिस्ती असलंच पाहिजे असं नव्हतं. निम्मी घरं तर आमची नव्हतीच.

घरी जायचं ते जोडीनं. एकट्यानं कधीच नाही. जोडीतल्या एकानं बोलायचं आणि एकानं बघायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. बोलणारा आत जाऊन बसतो. पाणी दिलं तर पितो, चहा दिला तर घेतो, कारण घेणाऱ्या माणसालाही काहीतरी देता आलं पाहिजे. बघणारा मात्र दारात चौकटीला टेकून उभा राहतो आणि तोंड मिटून घर बघतो. आमचे अध्यक्ष निवृत्त शिक्षक होते, सगळे त्यांना मास्तरच म्हणायचे. ते सांगायचे की आत बसलं की माणूस दिसतो, घर दारातून दिसतं. माणूस म्हणतो बरं चाललंय, घराला तसं म्हणता येत नाही. बाहेर आल्यावर गाडीपाशी उभं राहून बघणाऱ्यानं काय काय दिसलं ते बोलणाऱ्याला सांगायचं. पुढच्या रविवारी मंडळातही त्या घराबद्दल बघणाराच बोलायचा.

आमच्या जोडीत बोलणारा कोण हे सांगायला नको. बघणारा तो. चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होता. लोखंडाच्या तुकड्यावरून बोट फिरवून केसाएवढा फरक सांगायचा म्हणे. बोलायचा इतकं कमी की माझी आई त्याला मौनीबाबा म्हणायची. माझ्या स्कूटरवर मागे बसायचा, दोघांच्या मध्ये गव्हाची पिशवी, आणि वडगाव शेरीपासून कसब्यापर्यंत एक शब्द नाही. मी सिग्नलला वळून बघायचो, पडला की काय म्हणून.

पण त्याची नजर. कसबा पेठेत तांबट आळीत आम्ही एका म्हातारीकडे जायचो. नवरा भांडी ठोकून ठोकून गेला, मुलगा कर्वेनगरात सोसायटीत राहायला गेला तो गेलाच. म्हातारी अस्सल पुणेकर. पहिल्या दिवशी मला आपादमस्तक न्याहाळून तिनं विचारलं, "मला बाटवायला आलात काय?" दारातून हा म्हणाला, नाही आजी, गहू आणलेत. म्हातारी म्हणाली, मग आधी सांगायचं, चपला बाहेर काढा. तिच्याकडे आम्ही सहा वर्षं गेलो आणि दर वेळी तिनं चपलांवरून ऐकवलं.

एकदा तिच्याकडून बाहेर पडलो. मी खुशीत होतो, म्हातारी बरी दिसत होती, भरपूर बोलली होती. स्कूटरच्या सीटवर हात ठेवून हा म्हणाला, औषध पुरत नाहीये तिला. मी म्हटलं, अरे, डबी दाखवली की तिनं मला, भरलेली होती. तो म्हणाला, डबीत अर्ध्या गोळ्या आहेत. खिडकीत अडकित्ता आहे, त्याच्या पात्याला पांढरी भुकटी आहे, आणि म्हातारीला दात नाहीत, ती सुपारी खात नाही. त्या आठवड्यापासून तिच्या गोळ्या मंडळाकडून सुरू झाल्या. म्हातारीनं आम्हाला कुणी सांगितलं हे विचारलंही नाही. चपला मात्र त्या दिवशी आत काढल्या तरी काही बोलली नाही.

हे मी का सांगतोय ते पुढे कळेल. आता त्याच्या घराकडे येतो.

त्या वर्षांत पुण्याचं काहीतरी विचित्रच चाललं होतं. खराडीला, जिथे आम्ही लहानपणी हुरडा खायला जायचो, तिथे काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. गुंठ्यांना भाव आल्यावर तिथल्या शेतकऱ्यांच्या पोरांनी जीपगाड्या घेतल्या. माझा मुलगा गळ्यात ओळखपत्राचा पट्टा अडकवून तिथेच नोकरीला जायला लागला आणि पहिल्याच वर्षी माझ्यापेक्षा जास्त कमवायला लागला. मी तोंडानं देवाचे आभार मानले आणि मनातल्या मनात कचेरीतली सगळी वर्षं मोजली. दुसरीकडे चिंचवड-पिंपरीचे जुने कारखाने एकेक करून दारं लावत होते. आमच्या यादीतली घरंही बदलली. पूर्वी विधवा आणि म्हातारी माणसं असायची. आता विदर्भातून कामाला आलेली जोडपी, एका खोलीत सहा जणं, आणि पन्नाशीचे धडधाकट पुरुष, जे भरदुपारी घरात बनियनवर बसलेले असायचे. त्यांच्याशी काय बोलायचं हे मलाही सुचत नसे.

त्याचा कारखाना बंद झाला तेव्हा तो एकावन्न वर्षांचा होता. कंपनीनं सगळ्यांना स्वेच्छानिवृत्ती दिली, म्हणजे स्वेच्छा कंपनीची आणि निवृत्ती यांची. मिळालं ते सगळं वहिनींच्या ऑपरेशनला गेलं. त्यांच्या हृदयाची झडप बदलली. आम्ही मंडळातले सगळे दवाखान्यात आळीपाळीनं बसलो होतो. डॉक्टरांनी सुट्टी देताना मला आणि त्याला दोघांना समोर उभं करून सांगितलं होतं की गोळ्या जन्मभर, आणि रक्त पातळ ठेवायची गोळी तर एक दिवसही चुकता कामा नये. चुकली तर झडपेवर गाठ धरेल आणि मग आमच्या हातात काही राहणार नाही. मूलबाळ त्यांना नव्हतं. ती दोघंच एकमेकांना.

पुढे तो म्हणाला की खराडीला एका इमारतीत सुपरवायझरचं काम मिळालंय. आम्ही सगळ्यांनी पाठ थोपटली. काम खरं होतं, सुपरवायझर तेवढं खोटं. रखवालदाराची नोकरी होती, निळा शर्ट, शिट्टी आणि बारा तास उभं राहणं. हे मला फार नंतर कळलं. आणि दोन वर्षांनी नव्या कंत्राटदारानं पन्नाशीवरची सगळी माणसं काढून टाकली हे तर आणखी नंतर. तो रविवारी मंडळात येत होता, माझ्या मागे स्कूटरवर बसत होता, लोकांच्या दारात उभं राहून त्यांच्या पिठाचे डबे बघत होता.

त्याच्या घरी मी महिन्यातून एक-दोनदा तरी जायचोच. वडगाव शेरीत दोन खोल्या. माझ्या स्कूटरचा सायलेन्सर फुटका, मी गल्लीच्या तोंडाशी वळलो की कुत्री आधी भुंकायची आणि मग बाकीच्यांना कळायचं. मी दारात पोचेपर्यंत आतून कांदा परतल्याचा वास यायचा. मी दर वेळी म्हणायचो, वहिनी, काय बेत आहे आज? त्या हसायच्या, साधंच आहे म्हणायच्या. मग चहा यायचा. शेगडीवर झाकण ठेवलेलं पातेलं असायचं. मी तासभर बडबड करून उठायचो. खात्यापित्या घरात आपण आलो-गेलो असंच मला वाटायचं.

नाताळच्या दोन दिवस आधी माझ्या बायकोनं करंज्यांचा डबा दिला, त्यांच्याकडे देऊन या म्हणून. स्कूटर मेकॅनिककडे पडली होती. मी बसनं गेलो आणि कोपऱ्यापासून चालत गेलो. दुपारचे साडेबारा. दार उघडंच होतं. कांद्याचा वास नाही, कसलाच वास नाही. वहिनी जमिनीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून त्या इतक्या दचकल्या की मीच घाबरलो. या ना, बसा ना, करत त्या उठल्या, शेगडी पेटवली, तवा ठेवला आणि फळीवरून कागदात गुंडाळलेला एक कांदा काढला.

कांदा म्हणजे अर्धाच. वरून सुकून काळा पडलेला, आणि एका बाजूनं पातळ पातळ चकत्या काढत आणलेला. त्यांनी विळीवर नखाएवढी एक चकती कापली, तव्यावर टाकली आणि उरलेला कांदा पुन्हा कागदात गुंडाळला. खोलीभर तो वास पसरला. पातेलं शेजारीच होतं, झाकण ठेवलेलं. मी कधी कुणाच्या स्वयंपाकघरात हात घातला नाही, पण त्या दिवशी उठून ते झाकण उचललं. पातेलं घासून स्वच्छ ठेवलेलं होतं, त्यात काही नव्हतं.

वहिनींनी तवा उतरवला. म्हणाल्या, नोकरी कधीच गेली, आणि हे कांद्याचं त्यांचीच कल्पना आहे. ते म्हणतात, शेगडी गार असली आणि घराला वास नसला की बघणाऱ्याला लगेच कळतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्यावर की माझ्यावर, हे त्या क्षणी मला कळलं नाही. वीस वर्षं माझ्या शेजारी उभं राहून जे जे तो बघायला शिकला होता, ते सगळं त्यानं माझ्यापासून झाकायला वापरलं होतं. आणि झाकायला कष्ट तरी काय पडले? मी बोलणारा. एका कांद्याच्या वासावर माझी बोळवण होत होती. मी वहिनींना विचारलं, गोळ्या घेता ना नीट? त्यांनी फळीवरची डबी काढून हलवून दाखवली. आहेत की, म्हणाल्या. मग हात जोडून म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही पाहिलंत हे त्यांना सांगू नका. ते मंडळात यायचे बंद होतील. तेवढंच उरलंय त्यांच्याकडे."

मी शब्द दिला. करंज्या ठेवल्या आणि निघालो. रात्री जेवताना बायकोनं विचारलं, काय झालंय? मी म्हटलं, काही नाही. भाजीत कांदा होता, मला तो घशाखाली उतरेना.

नाताळनंतर मी माझ्या परीनं खटपट करून पाहिली. कुणीतरी जास्तीचे तांदूळ आणून दिलेत असं सांगून दहा किलोची पिशवी त्याच्या दारात ठेवून आलो. पुढच्या रविवारी तीच पिशवी तो मंडळात घेऊन हजर. म्हणाला, आमच्याकडे आहेत, हे चंदननगरच्या त्या पोरांच्या घरी देऊ. मला त्याचं मुस्काट फोडावंसं वाटलं, खरंच सांगतो. आणि आम्ही दोघंच गेलो ते तांदूळ द्यायला, तो मागे बसलेला, पिशवी आमच्या मध्ये. त्यानं त्या पोरांच्या दारात उभं राहून नेहमीसारखं बघितलं आणि मला सांगितलं की धाकट्याच्या पायात चप्पल नाही.

मंडळाला सांगायची सोयच नव्हती. आमचा आणखी एक नियम होता, सभासदाच्या घरी मंडळ जात नाही. फार पूर्वी कुणीतरी म्हणे आपापल्याच घरी पिशव्या पोचवल्या होत्या, त्यावरून बदनामी झाली, तेव्हापासून हा नियम. चांगलाच होता. फक्त तो करताना कुणाच्या डोक्यात आलं नाही की सभासदही उपाशी राहू शकतो. देणारा तो देणारा आणि घेणारा तो घेणारा, अशी दोन वेगळी माणसं असतात असंच आम्ही धरून चाललो होतो.

पण नाव न घेण्याचा जो पहिला नियम, त्यातच मला वाट सापडली. नवं घर मंडळापुढे ठेवताना नुसतं "एक घर आहे" म्हणायचं. पत्ता फक्त जाणाऱ्या जोडीला माहीत. जानेवारीतल्या एका रविवारी मी उभा राहिलो आणि म्हटलं, एक घर आहे. नवरा-बायको. नवऱ्याची नोकरी गेलेली, बाई आजारी. सांगत नाहीत, झाकतात. मास्तरांनी मान हलवली आणि म्हणाले, मग जोडीनं आजच जाऊन या. तो माझ्या शेजारीच बसला होता. त्यानं खाली वाकून बुटाची नाडी बांधली. त्याला काही कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. एक नियम पाळून मी दुसरा मोडला होता. पापनिवेदनात हे मी कधी सांगितलेलं नाही, ते आता इथे सांगतोय.

स्कूटर सुरू केली. त्यानं विचारलं, कुठे? मी म्हटलं, बस. येरवड्यापर्यंत ठीक होतं, तिकडे आमची दोन-तीन घरं होती. नगर रस्त्यावरून मी वडगाव शेरीकडे वळलो तेव्हा त्याचा हात माझ्या खांद्यावर आला आणि घट्ट झाला. गल्लीच्या तोंडाशी कुत्री भुंकली. मी त्याच्या घरापासून चार घरं अलीकडे गाडी थांबवली. तो उतरला आणि रस्त्यात उभा राहिला. मी त्याच्याकडे बघू शकत नव्हतो, आरशातच बघत होतो. आता हा निघून जाईल, वीस वर्षांची जोडी मोडेल, आणि वहिनींना दिलेला शब्द मी न बोलता मोडला असं होईल, एवढंच माझ्या डोक्यात.

तो म्हणाला, "तिनं सांगितलं?"

मी म्हटलं, नाही. मी पाहिलं.

तू पाहिलंस, असं तो स्वतःशीच पुटपुटला. त्याला ते खरं वाटत नव्हतं, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. मी म्हटलं, मंडळानं जोडीला पाठवलंय. माझ्याबरोबर यायचं नसेल तर मी दुसरा माणूस घेऊन येईन, पण आल्याशिवाय राहणार नाही. त्यानं शर्ट सारखा केला आणि म्हणाला, जायचं तर रीतीनं जाऊ. आणि स्वतःच्याच दाराची कडी त्यानं वाजवली.

आतून कांद्याचा वास आला. वहिनींनी स्कूटर ऐकली होती. तो वास आला तसे त्यानं डोळे मिटले. दार उघडून वहिनी म्हणाल्या, अहो, कडी काय वाजवताय? मग माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि त्यांना सगळं कळलं. त्या बाजूला झाल्या. मी आत जाऊन त्या घरातल्या एकुलत्या एका खुर्चीवर बसलो. तो आत आला नाही. चौकटीला टेकून दारात उभा राहिला, जसा तांबट आळीत राहायचा, चंदननगरला राहायचा.

मी बोललो. काय बोललो ते आठवत नाही, बहुतेक थंडीबद्दल बोललो असेन. वहिनींनी पाणी दिलं, मी ते सगळं प्यायलो. एकदाच मान वळवून दाराकडे बघितलं. तो बघत होता. शेगडी, डबे, दोरीवरचे कपडे, फळी, सगळं एका टोकापासून. रोज त्या दारातून तो सरळ आत जात असणार, चपला काढून खुर्चीवर बसत असणार. त्या चौकटीत थांबून स्वतःचं घर त्यानं कधी बघितलंच नसेल. मला हे तेव्हा सुचलं नव्हतं. मी आपला थंडीबद्दल बोलत होतो.

बाहेर आलो. स्कूटरपाशी आल्यावर त्यानं सवयीनं सीटवर हात ठेवला. मला वाटलं, आता शिव्या देईल, निदान गप्प तरी बसेल. पण तो सांगायला लागला, नेहमीच्याच सपाट आवाजात. शेगडी आत्ता पेटवलेली, सकाळपासून गार. पीठ दोन दिवसांचं, डाळ नाही. तेलाची बाटली उलटी ठेवलेली, म्हणजे संपलेली. बाईच्या पायाला सूज आहे. मग तो थांबला.

"फळीवर मेरीच्या तसबिरीमागे माझं दाढीचं ब्लेड आहे," तो म्हणाला. "मी टाकून दिलेलं. दारातूनच दिसतं, आतून तसबिरीआड जातं."

मी म्हटलं, मग?

"त्याला पांढरी भुकटी आहे."

तांबट आळीतला अडकित्ता त्यालाही दिसत होता, मलाही. तो म्हणाला, "मला ठाऊक नव्हतं रे." आणि पुन्हा तेच म्हणाला. तीन महिने तो स्वतः एक वेळ जेवून तिच्या गोळ्या आणत होता. गोळ्या आहेत एवढं तरी आपण झाकत नाही, ते खरं आहे, या एका आधारावर तो उभा होता. आणि ती त्या अर्ध्या करून घेत होती, म्हणजे महिन्याच्या गोळ्या दोन महिने पुरतील आणि त्याला दुसऱ्या वेळी जेवता येईल. त्यानं माझ्यापासून लपवलं, तिनं त्याच्यापासून. तो भर रस्त्यात स्कूटरच्या सीटवर डोकं ठेवून रडला. मी इतकी वर्षं बोलणारा म्हणवून घेतलं, पण त्या वेळी माझ्या तोंडातून एक शब्द निघाला नाही. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो, तो मला वाटतं माझा त्यातल्या त्यात बरा दिवस होता.

तसंच दोघांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, मी मागून स्कूटरवर. डॉक्टर आम्हा तिघांवरही ओरडले. आणखी पंधरा दिवस असंच चाललं असतं तर काय झालं असतं हे त्यांनी सांगितलं, ते मी इथे लिहीत नाही. औषधाच्या दुकानातून मी गोळ्यांची पुडी आणून त्याच्यापुढे धरली. त्यानं घेतली. इतक्या वर्षांत माझ्या हातून त्यानं पहिल्यांदाच काही घेतलं.

पुढचा रविवार. मला वाटलं होतं तो येणार नाही. तो मिस्सेला आला आणि नंतर मागच्या खोलीत येऊन माझ्या शेजारी त्याच्या जागेवर बसला. मास्तरांनी प्रार्थना सांगितली आणि विचारलं, ते नवीन घर कसं आहे? बघणाऱ्यानं सांगावं.

मी उठणार होतो. त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला बसवलं आणि स्वतः उभा राहिला. बारा माणसांसमोर त्यानं सगळं सांगितलं, नाव न घेता. शेगडी, पीठ, डाळ, तेल. पायाची सूज. ब्लेड आणि भुकटी. तिथेही त्याचा आवाज हलला नाही. औषधं आणि धान्य दोन्ही सुरू करायचं ठरलं. ते कुणाच्या घरी जातंय हे मंडळाला शेवटपर्यंत कळलं नाही. पोचवायला दर महिन्याला आम्ही दोघंच जायचो, पिशवी मध्ये घेऊन.

तो बसणार तेवढ्यात मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं. बाई एवढी आजारी, आणि घरात तिच्याकडे बघायला कुणीच नाही का, असं त्यांनी विचारलं. त्यांना काय माहीत असणार.

तो पुन्हा सरळ उभा राहिला.

"नवरा आहे," तो म्हणाला. "आता बघतो."